बेल बाँडवाल्याला दिलेले दोन हजार डॉलर: फी की खंडणी?

चकलीभाजणी (धागाकर्ती):

माझा मावसभाऊ इथे कॅलिफोर्नियात एम.एस. करतो. गेल्या वर्षी मेमोरियल डेच्या आदल्या शुक्रवारी रात्री भाड्यावरून त्याचं रूममेटशी वाजलं आणि रागाच्या भरात याने त्याचा लॅपटॉप जमिनीवर आपटला. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. इथे नुकसान ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त असलं की तोडफोडीचं कलम फेलनी (गंभीर गुन्हा) म्हणून लावता येतं. लॅपटॉप होता अकराशेचा. पोराला बेड्या घालून थेट काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) जेलमध्ये नेलं. काउंटीचं नाव घेत नाही, मोठी आहे एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक काउंटीत जामिनाचं दरपत्रक असतं. तिथले न्यायाधीशच ते ठरवतात. डावीकडे कलम, उजवीकडे आकडा. माणूस कोण, पहिलीच वेळ का, खिशात किती, हे त्या कागदाला ठाऊक नसतं. याच्या कलमापुढे होते २०,००० डॉलर. पूर्ण रोख भरलेत तर केस संपल्यावर परत मिळतात. नसतील तर जेलसमोर निऑनच्या पाट्या रांगेने उभ्या आहेतच. दहा टक्के बाँडवाल्याला द्यायचे, मग तो वीस हजारांची हमी कोर्टाला लिहून देतो.

मी शनिवारी दुपारी सही केली. पगाराची स्लिप, गाडीचं टायटल, ऑफिसचा नंबर, शिवाय पाच नातेवाइकांची नावं आणि पत्ते. पुण्यातल्या मावशीचं नाव चालेल का विचारलं, तर म्हणाला, अमेरिकेतलं हवं. माझ्याकडे अमेरिकेत नातेवाईक दोन. उरलेले तीन ढोलपथकातले मित्र घातले.

बाँड दुपारी दोनला जमा झाला. मला वाटलं तासाभरात सुटेल. पोरगा बाहेर आला रविवारी पहाटे ३:४० ला. कागद आत पोचणार, मग दुसऱ्या कुठल्या काउंटीचं वॉरंट आहे का बघणार, बोटांचे ठसे पुन्हा जुळवणार, मग कपड्यांची पिशवी शोधणार. शंभर माणसांची एकच रांग. बाहेर आला तेव्हा पायात बूट होते, लेस हातात होत्या आणि फोन मेलेला. खिशातले ६२ डॉलर अटकेच्या वेळी काढून घेतलेले, ते परत दिले डेबिट कार्डावर. त्या कार्डालाही फी!

तीन आठवड्यांनी सरकारी वकिलांनी गुन्हाच दाखल केला नाही. बाँड रद्द झाला. दोन हजार? ते बाँडवाल्याची कमाई, परत नाही.

माझं मत सरळ आहे: हा धंदा बंद व्हायला हवा. अमेरिका आणि फिलिपिन्स सोडले तर जगात जवळजवळ कुठेच असा व्यापारी जामीन चालत नाही. इंग्लंडमध्ये तर जामीनदाराला ‘तुमचं नुकसान मी भरून देईन’ असं कबूल करणं हाच १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दाणेकूट:

ताई, झालं ते वाईट, पण तुमचे दोन हजार गेले कुठे? तुम्ही माल विकत घेतलात. सोमवारी सुट्टी, म्हणजे पोरगा मंगळवारपर्यंत आतच. त्यातल्या दोन-तीन रात्री तुम्ही विकत घेतल्यात. हॉटेलची खोली वापरून झाल्यावर ‘मीटिंग रद्द झाली, भाडं परत द्या’ म्हणतो का आपण?

आणि बाँडवाला नुसती सही करत नाही. माणूस तारखेला आला नाही तर कॅलिफोर्नियात त्याला साधारण १८० दिवस मिळतात, तेवढ्यात आणून हजर करायचा, नाहीतर वीस हजार भरायचे. शोधायचा खर्च त्याचा. पळालेल्याला पकडून आणायचा जामीनदाराचा हक्क सुप्रीम कोर्टाने १८७२ सालीच मान्य केलाय. हे काम पोलिसांवर टाकलंत तर ते कुठल्या वर्षी करतील ते सांगा.

लोणारवाला:

दोघांचंही चुकतंय. मुळात पैसे द्यायचेच नव्हते.

अटकेनंतर ४८ तासांत न्यायाधीशासमोर उभं करावं लागतं. रविवार आणि सुट्ट्या त्यात धरत नाहीत, म्हणजे याची पाळी मंगळवारी. पहिलीच वेळ, विद्यार्थी, पत्ता पक्का, कोणाला इजा नाही. असा पोरगा सरकारी वकिलाच्या मदतीने (बचावाचा सरकारी वकील, फिर्यादीचा नव्हे) बहुतेक वेळा जातमुचलक्यावर सुटतो. इथे त्याला ओ.आर. म्हणतात. खर्च शून्य. शिवाय २०२१ च्या हम्फ्री निकालापासून कॅलिफोर्नियात न्यायाधीशाला आरोपीची ऐपत बघावीच लागते. त्या खटल्यातला म्हातारा काही डॉलर आणि कलोनची बाटली चोरल्याच्या आरोपावरून आत होता आणि जामीन होता साडेतीन लाखांचा!

लॉस एंजेलिसमध्ये तर १ ऑक्टोबर २०२३ पासून बिनहिंसेच्या बऱ्याच गुन्ह्यांत आकडाच लावत नाहीत. तारीख देऊन सोडतात, नाहीतर मॅजिस्ट्रेट लगेच कागद बघतो.

आणि व्हिसाचं म्हणाल तर ठसे यंत्रावर टेकवले की ते एफबीआयकडे आणि तिथून होमलँड सिक्युरिटीकडे जातातच. रविवारी सुटलात काय नि मंगळवारी सुटलात काय, त्यात फरक पडत नाही. आपली मंडळी घाबरून सही करतात ती नेमकी लवकर सुटलं की व्हिसा वाचतो या गैरसमजापायी.

चकलीभाजणी:

@लोणारवाला, कागदावर बरोबर. पण शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन येतो, आधी मशीन सांगतं की संभाषण रेकॉर्ड होतंय, मग बावीस वर्षांचा पोरगा ‘ताई, आईला सांगू नको’ म्हणतो. तेव्हा मंगळवार खूप लांब असतो हो.

@दाणेकूट, हॉटेलात माणूस आपण होऊन जातो. आणि ‘दोन-तीन रात्री’ म्हणताय तर २०१५ ची सँड्रा ब्लँड आठवा. टेक्सासची वॉलर काउंटी, ह्यूस्टनच्या शेजारची. ट्रॅफिक स्टॉपवरून अटक, जामीन ५,००० डॉलर, म्हणजे सुटायला पाचशे हवे होते. घरचे पैशांची जमवाजमव करत होते. अटकेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती कोठडीत मेलेली सापडली. हा माल सगळ्यांना परवडत नाही.

दाणेकूट:

त्या कोठडीवर नीट लक्ष ठेवलं नाही, हा जेलचा दोष. बाँडवाल्याचा कसा?

उलट मी म्हणेन, त्या वेळी पाचशे डॉलर हप्त्याने घ्यायला तयार असणारा तोच एक होता. बँक उघडी नव्हती, कोर्ट उघडं नव्हतं, वकील मेसेज ठेवा म्हणत होता. रात्री दोन वाजता फोन उचलणारी अमेरिकेत दोनच माणसं, टो-ट्रकवाला आणि बाँडवाला. दोघांनाही आपण शिव्या घालतो.

आणि कॅलिफोर्नियाने हे बंद करून पाहिलंच की. २०१८ ला कायदा केला, २०२० च्या नोव्हेंबरात तोच कायदा मतदानाला आला आणि लोकांनी तो पाडला.

मिसळ_ह्यूस्टन:

पाडला, पण कोणी पाडला तेही सांगा. सार्वमतासाठी सह्या गोळा करायला पैसे ओतले बेल बाँडच्या धंद्यानेच. गंमत म्हणजे पैशांचा जामीन नको म्हणणाऱ्या काही नागरी हक्कवाल्यांनाही तो कायदा नको होता, कारण पैशांच्या जागी संगणकाने काढलेला धोक्याचा गुणांक येणार होता. त्यांचं म्हणणं, दरपत्रकाला निदान आपण गरीब की श्रीमंत हे माहीत नसतं. गुणांकाला तुमचा पिनकोडही माहीत असेल.

आमच्या हॅरिस काउंटीचं सांगतो. इथलं जेल देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीश ली रोझेन्थल यांनी निकाल दिला की किरकोळ गुन्ह्यात, केवळ पैसे नाहीत म्हणून गरिबाला आत ठेवणं आणि तोच गुन्हा केलेल्या पैसेवाल्याला सोडणं घटनाबाह्य आहे. २०१९ ला काउंटीने समझोता केला. त्यानंतर बहुतेक मिसडिमीनरला (किरकोळ गुन्ह्याला) माणूस पैशांशिवाय सुटू लागला. फेलनीला मात्र बाँडवाला अजून ठणठणीत. म्हणजे चकलीताईंचा लॅपटॉप इथे फुटला असता तर त्याची किंमत अडीच हजारांच्या आत म्हणून प्रकरण मिसडिमीनरमध्येच बसलं असतं. लॅपटॉप तोच, राज्य बदललं की कलम बदलतं.

तळ्याकाठी:

शिकागोहून. आमच्याकडे बाँडवाला १९६० च्या दशकातच हद्दपार झाला. त्यानंतर दहा टक्के थेट कोर्टात भरायचे, केस संपली की थोडे कापून घेऊन बाकीचे परत. ताईंच्या प्रश्नाला खरं तर एवढंच उत्तर पुरेसं होतं आणि ते साठ वर्षं चाललं.

मग १८ सप्टेंबर २०२३ पासून इलिनॉयने पैशांचा जामीनच काढून टाकला. असं करणारं पहिलं राज्य. आता सरकारी वकिलाने अर्ज करायचा, सुनावणी व्हायची आणि आत ठेवायचं तर न्यायाधीशाने कारण लिहून द्यायचं. पूर्वी कुक काउंटीच्या कोर्टात जामिनाची सुनावणी बघायला गेलो होतो, एका शेजाऱ्यासाठी. नाव, कलम, आकडा, पुढचा. मी डोळ्यावरचा चष्मा पुसेपर्यंत दोन माणसं झाली. आता प्रत्येकाला वेळ देतात, हे मी मान्य करतो.

पण माझा आक्षेप वेगळा. पूर्वी आकडा कितीही मोठा असला तरी घर गहाण टाकून माणूस काढता यायचा. आता न्यायाधीशाने ‘आत’ म्हटलं की आत. दहा लाख घेऊन उभे राहिलात तरी खिडकीवाला म्हणेल, हे ठेवा आपल्याजवळ.

चकलीभाजणी:

मग तेच बरोबर नाही का? धोकादायक असेल तर दहा लाखांनीही सुटू नये आणि नसेल तर दोन हजारांसाठी अडकू नये.

तळ्याकाठी:

धोकादायक कोण हे सुनावणीच्या वीस मिनिटांत कळतं, यावर तुमचा जितका विश्वास आहे तितका माझा नाही. एवढंच.

कोर्टपायरी:

ठाण्यातून लिहितोय, वकिली करतो. तुमच्याकडे दोन हजारांत सुटतो ऐकून हेवा वाटला, खरं सांगतो.

आपल्याकडे जामीन मंजूर होणं हा अर्धाच प्रवास. मग जामीनदार आणा. त्याचं रेशनकार्ड, सात-बारा नाहीतर पगारपत्रक, ऐपतदारीचा दाखला. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारलेला मोतीराम गवंडी १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. न्या. कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच खडसावलं होतं, तरी आजही परप्रांतीय मजुराला जामीनदार मिळत नाही. मुंबईत त्यावर तोडगा म्हणजे तात्पुरता रोख जामीन, पैसे भरून सुटा आणि काही आठवड्यांत जामीनदार द्या. आणि कोर्टाच्या आवारात भाड्याचे जामीनदार फिरतात, खोट्या कागदांसकट. म्हणजे धंदा आपल्याकडेही आहे, फक्त पाटी नाही.

सुटकेच्या उशिराचं म्हणाल तर आर्थर रोडच्या दाराबाहेर जामिनाच्या आदेशांची पेटी असते. ठरल्या वेळी उघडते. २०२१ मध्ये आर्यन खानला गुरुवारी जामीन मिळाला, जुही चावला स्वतः जामीनदार म्हणून कोर्टात आली, तरी शुक्रवारी संध्याकाळी पेटी उघडायची वेळ टळली आणि पोरगा शनिवारी बाहेर आला. शाहरुखच्या मुलाची ही गत. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. असा नियम करावा लागला यातच काय ते समजा.

तेव्हा ताई, बाँडवाला बंद करा, पण त्याच्या जागी ऐपतदारीचा दाखला आणू नका.

लोणारवाला:

@कोर्टपायरी, पेटीचं ऐकून हसू आलं, पण इथेही तेच आहे. लॉस एंजेलिसच्या जेलमध्ये बारा-तेरा हजार माणसं, बहुतेकांचं येणं-जाणं ट्विन टॉवर्स नावाच्या जेलशेजारच्या एकाच स्वागतकक्षातून. ‘स्वागत’ हे त्यांचंच नाव, माझं नाही.

कोणाला उपयोग होईल म्हणून: पैसे देण्याआधी बुकिंग नंबर घ्या आणि शेरीफच्या वेबसाइटवर आकडा स्वतः बघा. दुसऱ्या काउंटीचा होल्ड (याला सोडू नका अशी मागणी) असेल तर बाँड भरूनही माणूस सुटत नाही आणि फी मात्र जाते. आणि बायकोचा नंबर पाठ करा. फोन आत काढून घेतात, मग आठवतो तो गावाकडचा लँडलाइन.

चकलीभाजणी:

नंबरावरून आठवलं. परवा त्याच बाँडवाल्याचा फोन आला. मी धसकले, वाटलं आमचंच काही उकरून काढलं. तर ढोलपथकातल्या एकाने मधल्या काळात कुठेतरी बाँड घेतलाय आणि पाच नावांत मला घातलंय. फिट्टंफाट. सकाळची तारीख चुकली होती. म्हणाला, दुपारी दीडपर्यंत कोर्टात आणलंत तर निभावून नेतो.

त्या मित्राच्या घरी गेले तर गडी पांघरूण घेऊन झोपलेला. नाइट शिफ्ट करून आला होता, तारीख उद्याची वाटत होती. पळाला वगैरे काही नाही. गाडीत घालून नेला. कोर्टाने आदल्या दिवशी एक मेसेज पाठवला असता तरी काम झालं असतं.

दाणेकूट:

पण पाठवला नाही ना. आणि फोन कोणी केला?