लोकप्रशासन: अमेरिकेत एमपीए की पीएचडी? मॅक्सवेल, ओ'नील वगैरे. सल्ला हवा

सीनाकाठ
नमस्कार मंडळी. युपीएससीला लोकप्रशासन ऑप्शनल होतं. अटेम्प्ट संपले, विषय काही सुटत नाही. सध्या एका नगरपालिकेत कंत्राटी आहे, पाणीपुरवठ्याच्या तक्रारी बघतो. वय ३१. अमेरिकेत शिकायचं मनात आहे. नोट्समध्ये ड्वाइट वाल्डो हे विचारवंत आणि मिनोब्रुकची परिषद पाठ केलेली, दोन्ही सिरॅक्यूजशी जोडलेली, त्यामुळे पहिलं नाव सिरॅक्यूज विद्यापीठाच्या मॅक्सवेल स्कूलचं आणि दुसरं इंडियाना विद्यापीठाच्या ओ'नील स्कूलचं. एमपीए (लोकप्रशासनातली मास्टर्स) करू की पीएचडी? 'तिथली रिसर्च कम्युनिटी चांगली आहे' म्हणतात म्हणजे नक्की काय असतं? आणि खर्चाचं कसं? घरी शेती आहे, पण ती विकून जायचं नाही. 'एमबीए कर' असले सल्ले कृपया नकोत.

खडूस_कारकून
एमबीए कर.
(पळतो.)

मेघना_परदेशी
मी अशाच एका स्कूलमध्ये पीएचडी करतेय (तुमच्या दोन्हींपैकी नाही), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोट्समधलं मॅक्सवेल आणि आजचं मॅक्सवेल यांची गल्लत करू नका. संस्था १९२४ ची. एमपीए हे तिचं जुनं आणि मुख्य काम. साधारण वर्षभरात आटोपतो. बजेट, स्टॅटिस्टिक्स, अर्थशास्त्र, व्यवस्थापन असा रगडा असतो. तो प्रशासक घडवायला आहे, संशोधक नव्हे. मिनोब्रुक हे ॲडिरॉन्डॅक डोंगरातलं तळ्याकाठचं ठिकाण. १९६८ ची परिषद तिथे झाली, मग १९८८ आणि २००८ लाही. छान आहे, पण त्यासाठी ॲडमिशन घेऊ नका.

तुम्ही विचारताय ती कम्युनिटी वेगळी. १९९१ मध्ये बॅरी बोझमन या अभ्यासकांनी सिरॅक्यूजलाच पब्लिक मॅनेजमेंट रिसर्चची पहिली परिषद भरवली. त्याच वर्षी 'जेपार्ट' हे नियतकालिक सुरू झालं, पुढे असोसिएशन झाली. आता परिषद फिरती असते; २०१६ ला डेन्मार्कमधल्या आर्हुसला होती, २०१८ ला सिंगापूरला. म्हणजे ही मंडळी एका इमारतीत बसत नाहीत. स्कूलचं नाव बघून अर्ज केलात आणि तुमच्या प्रश्नावर काम करणारं तिथे कुणीच नसलं, तर रँकिंग चाटायचं का?

परिषदेत काय होतं? छोटी खोली, एका सत्रात चार पेपर, प्रत्येकाला पंधराएक मिनिटं. तुमचे आकडे मांडून होतात न होतात तोच, जिचं नाव तुम्ही सिलॅबसमध्ये वाचलंय अशी बाई मागच्या रांगेतून विचारते, "सर्व्हेला ज्यांनी उत्तरंच दिली नाहीत, ते कोण होते?" तिथे 'मूल्याधिष्ठित प्रशासन' म्हणून सुटका नाही. सर्व्हे, प्रयोग, रिग्रेशनसारखी आकडेमोड यांचंच राज्य आहे. ऑप्शनलवाले पहिल्या सेमिस्टरला इथेच गारठतात. (सिरॅक्यूजला तर अक्षरशः. वर्षाला तीन मीटरच्या आसपास बर्फ पडतो.)

सीनाकाठ
मेघनाताई, डोळे उघडले. पण माझ्याकडे 'प्रश्न' असा कुठे आहे?

मेघना_परदेशी
अहो, रोज टेबलावर येतोय की! वडील गेल्यावर नळजोडणी नावावर करायला आलेला माणूस आठवा. कोणते कागद लागतात हे शोधण्यातच दोन खेपा जातात. मग वारसाची नोंद, प्रतिज्ञापत्र, घरपट्टीची थकबाकी, त्यात दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. वर खिडकीशी उभं राहून ऐकून घ्यायचं. मॉयनिहन, हर्ड आणि हार्वी या संशोधकांनी २०१५ मध्ये जेपार्टमध्ये याचीच मांडणी केली: माहिती मिळवण्याचा, पूर्तता करण्याचा आणि मनस्तापाचा खर्च. मॉयनिहन यांची पीएचडी मॅक्सवेलची, पण पुढे ते विस्कॉन्सिन, जॉर्जटाउन अशा विद्यापीठांत गेले. म्हणून म्हणते, माणसांचा माग काढा. तुमचा ओढा 'कर्मचारी मन लावून काम का करतात' याकडे असेल तर ओ'नील. तिथल्याच पेरी आणि वाइज यांनी १९९० मध्ये लोकसेवेच्या प्रेरणेवर लिहिलं आणि त्यातून संशोधनाची एक अख्खी शाखा फुटली.

निवृत्त_बीडीओ
थोडं अवांतर. मॅक्सवेलचं आणि आपलं नातं जुनं आहे. तिथले डीन पॉल ॲपलबी फोर्ड फाउंडेशनतर्फे इथे आले होते. त्यांचा १९५३ चा अहवाल प्रसिद्ध आहे. त्यातल्या शिफारशीवरूनच १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली.

आता सल्ला. मेघनाताईंचं बरोबर, पण सगळ्यांनी पेपरच लिहायचे का? सीनाकाठ, परत येऊन नगरपालिकांसोबतच काम करायचं असेल तर पीएचडीची पाच-सहा वर्षं फार होतात. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा दोन वर्षांचा एमपीपी (सार्वजनिक धोरणाची मास्टर्स) बघा. आणि हेही ऐका, एमपीए करून आलात म्हणून कंत्राटी पद कायम होत नाही. ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

डॉलरपुराण
पैशाचं कुणीच बोलेना म्हणून मी.

चांगल्या स्कूलच्या पीएचडीत ट्यूशन माफ आणि वर स्टायपेंड, बदल्यात टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) म्हणून काम. एमपीएला सूट मिळते, पण बहुधा अर्धीमुर्धी, उरलेलं कर्ज.

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीत लोकप्रशासन हा विषय असतो. तीन वर्षांचा अनुभव मागतात. तुमची बी.ए. तीन वर्षांची असेल तर एम.ए. पूर्ण हवं. यंदाच्या अटी स्वतः वाचा.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीत बसत असाल तर एक खाच आहे. तिथे विद्यापीठाची एकूण जागतिक क्रमवारी बघतात, विषयाची नाही. मॅक्सवेल आणि ओ'नील आपल्या विषयात अव्वल, पण एकूण यादीत सिरॅक्यूज आणि इंडियाना बरेच खाली. अर्ज करण्याआधी जीआर काढून तपासा, नाहीतर प्रवेश हातात आणि शिष्यवृत्ती बाद, असं व्हायचं.

शिवाय एमपीए करून अमेरिकेच्या केंद्र सरकारात नोकरी, हे डोक्यातून काढा. त्या जागा जवळपास सगळ्या तिथल्या नागरिकांसाठी असतात.

खडूस_कारकून
जीआर शोधण्यात गेलेला वेळ कुठल्या खर्चात धरायचा, ताई?

मेघना_परदेशी
तिन्ही :)

सीनाकाठ
सर्वांचे आभार. बीडीओ साहेब, तुमचं पटतंय, पण नळजोडणीचा विषय आता डोक्यात घुसला तो घुसलाच. एम.ए. झालंय. पीएचडीलाच अर्ज करतो, फंडिंग मिळालं तरच जायचं. शिफारसपत्रांचं काय? मुख्याधिकारी द्यायला तयार आहेत.

मेघना_परदेशी
तीन लागतात. साहेबांचं एकच ठेवा, आणि त्यांना 'कष्टाळू व प्रामाणिक' लिहू देऊ नका. तक्रारींची नोंदवही तुम्ही कशी बदललीत ते लिहायला सांगा. बाकीची दोन एम.ए.च्या प्राध्यापकांची, शक्यतो ज्यांनी तुमचा प्रबंध वाचलाय त्यांची. बऱ्याच ठिकाणी मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा कुठे लागते, कुठे नाही. प्रत्येक स्कूलचं पान बघा. आणि दिवाळीआधी स्टॅटिस्टिक्सचा एखादा ऑनलाइन कोर्स उरका. एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध) झाला की व्यक्तिगत निरोप करा, वाचते.