रुळाखालून पाणी न्यायचं, तर रेल्वेला पैसे का?

रंकाळा_कट्टा: पाण्याची मेन लाईन रुळाखालून न्यायची तर रेल्वे आधी करार मागते, वर पैसे. ही रेल्वे लाईन कोल्हापूर संस्थानची, १८९१ ची. जमीन आमची, पाणी आमचं, आणि भाडं पण आम्हीच भरायचं? रात्री जेसीबी लावा, सकाळी पाणी चालू.

साईटवाला: जेसीबी लावा म्हणणाऱ्यानं एकदा रुळाखालच्या मातीच्या भरावावर उभं राहून बघावं. मी बघितलंय. न विचारता टाकलेल्या पाइपचा जॉइंट गळत होता. भरावातली माती हळूहळू धुपली, खडी खाली बसली, स्लीपर अधांतरी. गाडी जाताना रूळ डोळ्यांदेखत खालीवर. म्हणून पाण्याची पाइप जाड केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या मोठ्या पाइपमधून नेतात, गळती भरावात मुरायला नको. बाजूला खड्डा घेऊन खालनं पुशिंग करायचं, म्हणजे पाइप आडवी ढकलत न्यायची, रुळाला हात लावायचा नाही. आणि कायदा तुमचा वैरी नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १७ वाचा: महापालिकेला असं काम मागता येतं. फक्त ते रेल्वेला मान्य हवं आणि खर्च मागणाऱ्याचा.

घरफाळा_त्रस्त: खर्च मागणाऱ्याचा! आणि रेल्वे घरफाळा भरते का? त्याच कायद्याचं कलम १८४: केंद्रानं अधिसूचना काढल्याशिवाय स्थानिक कर नाही. माझ्या पत्र्याच्या शेडला मात्र नोटीस.

साईटवाला: विषय पाइपचा आहे, शेडचा नाही. केंद्राच्या मालमत्तांना कराऐवजी सेवाशुल्क असतं, ते वेगळं.

घरफाळा_त्रस्त: असतं म्हणजे? भरतात का ते सांगा. मी एक हप्ता चुकवला तर व्याज!

शाहूपुरी_आक्का: पावसात रेल्वेच्या परीख पुलाखाली पाणी साचतं, त्याला करार लागत नाही ते बरं हाय.

रुकडीकर: आमच्या मळ्याची पाइप आजोबांपासून रुळाखालनं आहे. सरकारी जमिनीवर ३० वर्षं झाली की वहिवाटीचा हक्क लागतो. १८८२ चा ईझमेंट कायदा.

साईटवाला: परवानगीनं वापरलेल्याला वहिवाट लागत नाही, भले शंभर वर्षं होऊ देत. आजोबांनी रेल्वेकडून कागद घेतला असेल तर तोच तुमच्या अंगावर येणार.

रुकडीकर: म्हणजे प्रामाणिकपणे विचारलं तो आजोबा येडा?

साईटवाला: कायद्याच्या नजरेत, हो. मला पण आवडत नाही. पण २०२२ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं नियम सोपे केलेत. ऑप्टिकल फायबर आणि लहान व्यासाच्या जमिनीखालच्या लाईनला रूळ ओलांडायला एकदाच १,००० रुपये.

रंकाळा_कट्टा: हे आधी सांगायला काय झालं होतं? मग मेन लाईन हजारात!

साईटवाला: लहान व्यासाची म्हटलंय, भावा. शहराची मेन त्यात कोंबू नका.

रंकाळा_कट्टा: बरं बाबा, जेसीबी रद्द. तुम्ही म्हणताय म्हणून. पण खर्च आमच्याच डोक्यावर, हे मरेपर्यंत पटायचं नाही.

घरफाळा_त्रस्त: घरफाळ्याचं कुणी बोलतंय का?