खेळातला वेळ कसा सांभाळता? नाशिककर डीएम मंडळींनो, अनुभव टाका

परवा वही चाळताना लक्षात आलं. आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन (टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायची लांबलचक गोष्ट; ती चालवणारा तो डीएम, म्हणजे डंजन मास्टर) सुरू होऊन १४ महिने झाले. दर शनिवारी गंगापूर रोडला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत बसतो. आणि खेळातल्या जगात या १४ महिन्यांत गेलेत फक्त १९ दिवस! तेवढ्यात पोरं पहिल्या लेव्हलवरून सातव्या लेव्हलला. त्यातला एक सुरुवातीला कोंबड्या चोरायचा, आता ड्रॅगनशी तहाची बोलणी करतो.

लोहाराचं तर विचारूच नका. त्याने तलवार दुरुस्तीला आठवडा मागितला होता. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) तीनदा जाऊन आली, तिन्ही वेळा मी "अजून झाली नाही" म्हणालो, कारण आठवडा झाला की नाही हे मलाच माहीत नव्हतं. चौथ्यांदा एकीने शांतपणे विचारलं, "हा लोहार आहे की टेलर?"

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत लढाईचा राउंड ६ सेकंदांचा, छोटी विश्रांती १ तासाची, मोठी (लाँग रेस्ट) ८ तासांची. सेकंदांचं पुस्तक बघतं, दिवस-आठवडे आपल्या गळ्यात. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये या खेळाच्या एका निर्मात्याने, गॅरी गायगॅक्सने, वेळेची काटेकोर नोंद ठेवा, नाहीतर कॅम्पेनला अर्थ नाही, हे सगळं मोठ्या कॅपिटल अक्षरांत छापलं होतं. त्याचं ओरडणं मला आत्ता ऐकू आलं.

तुम्ही काय करता? फसलेले प्रयोगही चालतील.

सेकंड शिफ्ट, सातपूर

मी एमआयडीसीत पाळीला, त्यामुळे माझ्या जगातला दिवसही तीन पाळ्यांचा. फर्स्ट, सेकंड, नाईट. एका पाळीत एकच मोठं काम: प्रवास, शोधाशोध किंवा झोप. वहीत तीन रकाने, काम झालं की टिक.

आमच्याकडची खरी भानगड झोपेची होती. एक लढाई करायची, त्यात सगळे स्पेल (मंत्र) उधळायचे आणि ते परत मिळवायला लगेच "आम्ही लाँग रेस्ट घेतो". खेळात सकाळचे साडेनऊ वाजलेले! २४ तासांत एकाच लाँग रेस्टचा फायदा मिळतो असा नियम आहे, पण वेळ लिहिलेलीच नसेल तर २४ तास मोजणार कोण? आता मी नुसतं वहीवर बोट ठेवतो. "फर्स्ट चालू आहे अजून. झोपा खुशाल, पण पकडलेला माणूस सेकंडला सुळावर जातोय." त्या दिवशी आमचा जादूगार पहिल्यांदा काठी घेऊन लढला.

निफाडचा बेदाणा

आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या नियमांनी खेळतो. डंजनमधला (तळघर-भुयारातला) एक टर्न १० मिनिटांचा, मशाल ६ टर्न चालते, कंदिलाचं तेल २४ टर्न. दर दोन टर्नांनी मी फासा टाकतो, १ आला की अंधारातून काहीतरी येतं. हे सगळं कागदावर ठेवताना माझी दांडी उडायची. मग मशाल पेटवली की मशालवाल्यापुढे बशीत ६ बेदाणे ठेवायला लागलो. टर्न संपला की त्याने एक खायचा. बशी रिकामी, मशाल विझली.

महिनाभर झकास चाललं. मग एके रात्री दोघांचा नकाशावरून वाद रंगला आणि मशालवाल्याने बोलता बोलता तीन बेदाणे तोंडात टाकले. टेबलावर एकदम शांतता. तो म्हणाला, "सॉरी, परत ठेवतो." मी म्हटलं, नाही, तुम्ही खरंच अर्धा तास भांडत उभे होतात. पार्टीला पटलं, त्याला अजून पटलेलं नाही. आता मशाल दुसऱ्याकडे असते आणि डब्याचं झाकण माझ्याकडे.

नोंद-बिंद नाही

एवढं कशाला? सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. तीन वर्षं चाललंय, कुणी तक्रार केलेली नाही. हिशोब मी ऑफिसात करतो.

गोदाकाठ

वरच्यांचं बरोबर आहे, एरवी मीही लिहीत नाही. पण मागच्या पावसाळ्यात एक कथा अशी घेतली की वेळ दिसायलाच हवा होता. नदीकाठचं शहर, वर धरण, पाऊस थांबेना, आणि पूर यायच्या आत तळघरातून एक पेटी काढायची. तिथे "२० मिनिटं गेली" म्हणून कुणी हलत नाही. ब्लेड्स इन द डार्क या खेळात गोल काढून त्याचे ४, ६ किंवा ८ तुकडे करतात आणि संकट जवळ आलं की एकेक तुकडा रंगवतात. आम्ही पंचवटीतले. गोल कशाला काढायचा? गोदावरीचा पूर किती चढला हे इथे ज्याच्यावरून ओळखतात, तो नदीतला दुतोंड्या मारुती पुठ्ठ्यावर काढला आणि हातात निळा खडू घेतला.

घोटे, गुडघे, कंबर, छाती, गळा. नियम समजावायची गरजच पडली नाही. धरणातून किती क्युसेक सोडले हे ऐकून आपल्याला काही अंदाज येत नाही, "मारुती कमरेपर्यंत" म्हटलं की येतो. कुलपाशी खटपट केली, गुडघे. पहारेकऱ्याशी हुज्जत घातली, कंबर. खडू छातीला टेकला तेव्हा एकीने काही न बोलता टेबलावरची आपली कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) उचलून मांडीवर घेतली. तिच्या घरचं दुकान सराफ बाजारात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात माल असाच उचलून वर नेला होता, हे तिने खेळ संपल्यावर सांगितलं.

नागपूरहून आलेल्या पाहुण्याने विचारलं, गळ्यानंतर काय? तिघे एकदम म्हणाले, "नारोशंकराची घंटा!" काठावरच्या देवळाची ती, तिला पाणी लागलं की महापूर.

एक चुकलं. मी पाणी फक्त चढवत राहिलो. मधे उघडीप द्यायला हवी होती, एखादी खूण पुसायला. नुसतं चढत राहिलं की पार्टी पेटी सोडून पळते. पळालीच.

अधिक श्रावण

मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर वापरते, २०२३ चं. तिथ्या तयार, पौर्णिमा-अमावस्या तयार, संकष्टीला तर चंद्रोदयाची वेळही छापलेली. पार्टीने एक वाडा त्यावर बेतून फोडला: चतुर्थीला चंद्र उशिरा उगवतो, तोवर अंधारात भिंत चढायची. चौकोनात बारीक अक्षरात काय घडलं ते लिहिते. आईने एकदा "शुक्र. ४ मेले" वाचून घाबरून फोन केला होता.

पण २०२३ ला श्रावण अधिक होता, हे मी विसरले. आमच्या पॅलाडिनने (शपथेला बांधलेला योद्धा) श्रावणभर दारू न पिण्याची शपथ घेतलेली. श्रावण आले दोन. तो म्हणे एकदाच पाळणार, बाकीचे म्हणे दोन्ही. अर्धा तास त्यात गेला. शेवटी एकाच्या आजीला फोन लावला. आजी म्हणाल्या, व्रत निज श्रावणात धरायचं. पॅलाडिन महिनाभर सुटला. खेळ काय चाललाय, हे आजींनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

दिंडोरी रोड

मोगलांनी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याला घातलेल्या वेढ्यावर छोटं कॅम्पेन घेतलं होतं. १६८२ मध्ये पडलेला तो वेढा काही वर्षं चालला, तिथे दिवस मोजत बसलो असतो तर आम्हीच म्हातारे झालो असतो. एक सेशन म्हणजे एक ऋतू. घड्याळ म्हणजे कोठारातली धान्याची पोती, दर सेशनला मी दोन काढायचो. पोरं लढाईपेक्षा पोत्यांकडे जास्त बघायची.

धागाकर्ता

बेदाणे आणि पाळ्या, दोन्ही घेतलं. काल सगळ्यांसमोर वही उघडून तारीख ठरवली: विसावा दिवस, फर्स्ट. लोहाराचा आठवडा त्याच दिवसापासून नव्याने मोजायचा, असं मत पडलं. सत्ताविसाव्या दिवशी तलवार तयार. पार्टी सध्या जंगलात आहे, तेविसावा चालू आहे आणि गावी परतायला सहा दिवस लागतात. लोहार थांबेल असं त्यांनी गृहीत धरलंय. मी अजून काही बोललेलो नाही.