दोन प्रणाली, एक माउस आणि एकच किल्ली

एकाच संगणकावर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन प्रणाली असताना, विंडोजमध्ये जाऊन उबंटूत परतल्यावर ब्लूटूथ माउस जोडला जात नाही, अशी अडचण येते. त्यावर ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला जातो. परंतु माझ्या मते दोष ड्रायव्हरचा नाही. पेअरिंगच्या, म्हणजे पहिल्या जोडणीच्या, वेळी संगणक आणि माउस एक गुप्त किल्ली ठरवतात, आणि दोन्ही प्रणाली एकच ब्लूटूथ चिप, म्हणजे एकच पत्ता वापरत असल्याने माउस त्या पत्त्यासाठी शेवटची किल्लीच लक्षात ठेवतो. उबंटूकडे मात्र जुनीच किल्ली राहते.

म्हणून माउस आधी उबंटूत आणि नंतर विंडोजमध्ये पेअर करावा, विंडोजच्या रजिस्ट्रीतील (सेटिंग्ज साठवणाऱ्या नोंदसंचातील) किल्ली उतरवून घ्यावी, आणि ती उबंटूतील '/व्हार/लिब/ब्लूटूथ' या फोल्डरमध्ये माउसच्या 'इन्फो' फाइलीत 'लिंककी' या शीर्षकाखाली भरून ब्लूटूथ सेवा पुन्हा सुरू करावी. मी पहिल्यांदा किल्लीच्या बाइटांमधील, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांमधील, मोकळ्या जागा तशाच ठेवल्या होत्या. सोळाही जोड्या सलग लिहिल्यावरच पडद्यावरचा बाण हलला.

माउस 'लो एनर्जी', म्हणजे कमी वीज वापरणाऱ्या ब्लूटूथच्या, प्रकारचा असल्यास काम थोडे किचकट होते, कारण तेथे एकाऐवजी अनेक मूल्ये जुळवावी लागतात, आणि काही माउस प्रत्येक पेअरिंगला स्वतःचा पत्ताही बदलत असल्याने त्या पत्त्याच्या फोल्डरचे नावही बदलावे लागते. फाइलीची प्रत आधी अवश्य काढून ठेवावी.