मदत हवी आहे : दहावीला ७१ टक्के, आयटीआय इलेक्ट्रिशियन की डिप्लोमा?

ओमची_आई
नमस्कार मैत्रिणींनो. मुलाला दहावीला ७१ टक्के मिळालेत. गणितात ५८, विज्ञानात ६६. मोटर उघडणं, बोर्ड जोडणं यात त्याचा हात चांगला चालतो, पण पुस्तक घेऊन सलग दोन तास बसवत नाही. वडील कारखान्यात टर्नर आहेत. त्यांचं म्हणणं, आयटीआय करून लवकर कमाईला लागू दे. मला वाटतं त्याने इंजिनीअर व्हावं. जाऊबाई म्हणतात अकरावी सायन्सला घाला, म्हणजे सगळे रस्ते मोकळे राहतील. आम्ही ओबीसी, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. सरकारी आयटीआय तालुक्यातच आहे, पॉलिटेक्निक ४० किलोमीटरवर. आयटीआय केलं तर डिग्रीचा रस्ता बंद होतो का? आणि कागदपत्रं कोणती काढून ठेवू?

रेवा_कुलकर्णी_नाही
ताई, बंद होत नाही, लांबतो. वर्षं मोजून बघा. अकरावी-बारावी २ आणि इंजिनीअरिंग ४, म्हणजे ६. डिप्लोमा ३ आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन डिग्री ३, तेही ६. आयटीआय २, मग थेट दुसऱ्या वर्षात डिप्लोमा २, मग डिग्री ३, असे ७. फरक एकाच वर्षाचा आहे, आणि तिसऱ्या वाटेवर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात कमावता येईल असं प्रमाणपत्र असतं.

पण आयटीआयचा ट्रेड, म्हणजे शिकायचा व्यवसाय, दोन वर्षांचा हवा. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. वेल्डर, कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) एक वर्षाचे. एक वर्षाच्या ट्रेडवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. हे कुणी आधी सांगत नाही आणि मुलं 'लवकर संपेल' म्हणून वेल्डर घेतात.

अकरावी सायन्सने सगळं मोकळं राहतं हेही अर्धंच खरं. पुढे सीईटी (इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा) द्यायची तयारी असेल तरच त्या दोन वर्षांचं चीज होतं. नुसती बारावी सायन्स झाली तरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जाता येतं, पण मग बारावीची दोन वर्षं डिप्लोमाच्या एका वर्षाच्या बदल्यात गेली.

सुवर्णा_चाकण
डिप्लोमा आणि डिग्रीच्या वाटेची जमेची बाजू म्हणजे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला सीईटी नाही. डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. किमान ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. चांगलं सरकारी कॉलेज हवं तर मात्र गुण बरेच वर लागतात.

अडचण कुठे येते ते स्पष्ट सांगते. पहिल्या दोन सत्रांतलं गणित मुलांना अडवतं. दहावीपर्यंत जे कधी पाहिलं नाही ते डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स तिथे सहा-आठ महिन्यांत येतं. मराठी माध्यमाच्या मुलाला शब्दही नवे. गणित राहिलं की पुढच्या सत्राचे विषय आणि मागचे पेपर एकत्र येतात, आणि मूल कॉलेजला जायचं टाळू लागतं. ओमला गणितात ५८ आहेत, म्हणजे हे जमणार नाही असं नाही. पण मे-जूनमध्ये त्रिकोणमिती आणि बीजगणित पुन्हा करून घ्या. रोज एक तास, सहा आठवडे पुरे. आयटीआयमधून थेट दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांना तर पहिल्या वर्षाचं गणित शिकवलेलंच नसतं, त्यांनी सुट्टीत पहिल्या वर्षाची पुस्तकं घेऊन बसायलाच हवं.

अनघा_व
आयटीआय घ्यायचं ठरलं तर संस्था नीट बघा. सरकारी संस्थेत हा प्रश्न येत नाही, पण खासगी असेल तर 'एनसीव्हीटी (व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) मान्यता आहे' एवढं ऐकून पैसे भरू नका. मान्यता संस्थेला नव्हे, त्या ट्रेडच्या युनिटला, म्हणजे तुकडीला असते. इलेक्ट्रिशियनच्या एका युनिटमध्ये २० मुलं. संस्थेच्या मान्य युनिटपेक्षा जास्त मुलं भरली असतील तर काहींचं नाव परीक्षेच्या यादीत येत नाही आणि ते कळतं दोन वर्षांनी.

हजेरी ८० टक्के लागते, त्याखाली अखिल भारतीय ट्रेड परीक्षेला बसू देत नाहीत. अभ्यासाची पुस्तकं निमी ही केंद्र सरकारची संस्था छापते, आणि ती 'भारत स्किल्स'च्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, प्रश्नपेढीसकट. लेखी परीक्षा संगणकावर होते, त्यामुळे ती प्रश्नपेढी आत्तापासून सोडवत राहणं सगळ्यात उपयोगी.

सुवर्णा_चाकण
अनघाताईंच्या बोलण्यात भर. आयटीआयनंतर कंपनीत एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळाली तर ती राष्ट्रीय अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेली आहे का ते आधी बघा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, करार पोर्टलवर होतो आणि त्याला क्रमांक असतो. तो क्रमांक नसेल तर मुलगा 'ट्रेनी' म्हणून काम करतोय, शिकाऊ उमेदवार म्हणून नाही. वर्ष संपल्यावर त्याची परीक्षा होत नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळत नाही. सरकारी उपक्रमांच्या बऱ्याच भरतींत तेच मागतात. नोंदलेल्या अप्रेंटिसच्या विद्यावेतनातला २५ टक्के भाग, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं, त्यामुळे 'नोंदणी केली की आम्हाला परवडत नाही' हे कारण ऐकून घेऊ नका.

ओमची_आई
खूप आभार. एक सांगायचं राहिलं. ओमला रेल्वेत जायचंय, असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिनचा सहायक चालक. त्याला पाऊण नंबरचा चष्मा आहे. मग आयटीआय बरं की डिप्लोमा?

रेवा_कुलकर्णी_नाही
ताई, हे त्याला आजच सांगा, पुढे फार लागेल. त्या पदाला ए-१ वैद्यकीय दर्जा लागतो. दूरची नजर दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६. लेसर करून चष्मा घालवलेलाही चालत नाही, तपासणीत कळतं. रंग ओळखण्याची चाचणी वेगळी. म्हणजे संगणकावरच्या दोन्ही परीक्षा आणि अभियोग्यता चाचणी (तिच्या प्रत्येक भागात किमान टी-स्कोअर, म्हणजे इतरांच्या तुलनेत काढलेला गुणांक, ४२ लागतो) पार करूनही शेवटी वैद्यकीय तपासणीत नाव कापलं जातं. तयारीची दोन वर्षं घालवण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

रेल्वे म्हणजे लोको पायलटच असं नाही. टेक्निशियनच्या पदांना दर्जा पदानुसार वेगळा असतो. बी-१ दर्जात चष्मा लावून एका डोळ्याला ६/९ आणि दुसऱ्याला ६/१२ चालतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. टेक्निशियन ग्रेड-३ ला आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्रच लागतं, त्याऐवजी डिप्लोमा दाखवून चालत नाही. ज्युनिअर इंजिनीअरला मात्र किमान डिप्लोमा लागतो. डिप्लोमा वरचा म्हणून आयटीआयच्या जागाही आपोआप मिळतील असं धरून चालणारी मुलं अर्ज भरताना अडकतात. म्हणून माझं मत: ओमचे हात चालतात, गणित मध्यम आहे, आयटीआय घराजवळ आहे, रेल्वेची ओढ आहे. त्याला आयटीआय इलेक्ट्रिशियन, मग थेट दुसऱ्या वर्षाचा इलेक्ट्रिकल डिप्लोमा. दोन्ही प्रकारच्या जागा मिळण्याजोग्या राहतात, आणि तुमची इंजिनीअरची इच्छाही जागेवर राहते.

मीनाक्षी_सेतू
कागदपत्रांचं मी सांगते. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं. ते मुदत संपलेलं निघालं किंवा अर्ज निश्चितीच्या दिवशी हातात नसलं, तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा वाढत जातात, म्हणून आत्ताच अर्ज टाका.

आयटीआय आणि डिप्लोमा दोन्हीचे अर्ज भरा, ते वेगवेगळे आहेत. पर्याय भरताना पहिल्या क्रमांकाला खरोखर जिथे जायचंय तेच टाका. पहिला पर्याय मिळाला आणि घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. 'बघू काय लागतं' म्हणून चांगली नावाजलेली संस्था वर टाकण्याची सवय इथे भोवते.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाच ठिकाणी जमा होतो. तो देण्याआधी पाच-सहा प्रती साक्षांकित करून ठेवा.

ओमची_आई
शिष्यवृत्तीचं काय? ओबीसीला फी माफ होते का? आणि जात पडताळणी आत्ताच लागते का?

मीनाक्षी_सेतू
महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. पण केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश झाला असेल तरच. संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला की हक्क जातो, आणि फी भरून झाल्यावर ते लक्षात येतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत 'आधार लिंक आहे' म्हणतात, पण लाभ जमा होण्यासाठी तेच खातं एनपीसीआयशी (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) जोडलेलं हवं. ते वेगळं विचारा. मुलाच्या नावाचं खातं नसेल तर याच आठवड्यात काढा.

जात वैधता, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, डिग्रीला राखीव जागेवर जाताना लागते. त्याचा अर्ज डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात कॉलेजचं पत्र घेऊन करतात. आजोबांचा जुना शाळेचा दाखला मात्र आत्तापासून शोधायला लागा. जुन्या शाळांच्या नोंदवह्या मिळायला वेळ लागतो, आणि पडताळणीत सगळ्यात जास्त वजन त्याच नोंदीला असतं.

ओमची_आई
सोमवारी सेतूत आणि बँकेत जाते. संध्याकाळी ओमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. मग पर्यायांची यादी इथे टाकते, क्रम बघून सांगा.