उत्तर: उत्तर: २७ डिसेंबरची ताटं, आकडा गुरुवारपर्यंत

प्रेषक: खजिनदार

मंडळी, परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक जेवणासाठी कालच नागपुरात पोचलो. केटररला गुरुवारी सकाळी आकडा द्यायचा आहे, त्यानंतर तो एक ताट वाढवत नाही. मागच्या वर्षीचं आठवतंच सगळ्यांना. आतापर्यंत ११२. ताटाला सदस्य ६५०, पाहुणे ९५०. एकच अडतं: सदरवाल्यांची, म्हणजे नागपूरच्या सदर भागातल्या त्या कुटुंबाची, चार ताटं कुठे धरू, सदस्यांत की पाहुण्यांत? त्यांचा सदस्यत्वाचा फॉर्म 'प्रलंबित' आहे आणि वर्गणीचा चेक ४७ दिवस माझ्याकडे पडून आहे. कार्यकारिणीने हो की नाही ते सांगावं. वडाभात की पाटोडी रस्सा, हेही.

प्रेषक: महालचे काका

दोन्ही ठेवा ना बाप्पा, वर्षातून एकदा तर भेटतो. सदरवाल्यांना यंदा पाहुणे म्हणून धरा. बाराशेचा फरक, तो मी खिशातून देतो. सदस्यत्वाचं पुढच्या सभेत बघू. उगाच वाद नको.

प्रेषक: धंतोली

काका, बाराशेचं कोणी काढलं? पैसे त्यांनी ऑक्टोबरातच दिलेत, सदस्याचे. आपल्या घटनेत 'मराठी बोलणारी किंवा मराठीबद्दल आस्था असणारी, १८ वर्षांवरची कोणतीही व्यक्ती' असं आहे. मसुदा मी टाइप केलाय, मला पाठ आहे. ती सदरची बाई दोन वर्षं रविवारच्या शाळेत आपल्या नातवंडांना जोडाक्षरं शिकवते आहे, फुकट. तेव्हा ती कोण होती, पाहुणी?

'कुलदैवत' हा रकाना फॉर्मवर कोणी घातला ते आधी सांगा.

प्रेषक: रामदासपेठ (फॉर्मवाला)

मीच घातला. मागच्या वर्षी वधूवर मेळाव्यासाठी जो गूगल फॉर्म केला होता तोच कॉपी केला. त्यात कुलदैवताला लाल चांदणी होती, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्यांनी आधी रेघ मारली असणार, ती फॉर्म घेत नाही, किमान तीन अक्षरं लागतात. मग त्यांनी 'नाही, ख्रिस्ती' असं लिहिलं. मी चांदणी आज काढली. पण 'खुलासा मागवावा' असा शेरा माझा नाही.

प्रेषक: महालचे काका

शेरा माझा आहे, लपवत नाही. अर्थ एवढाच होता की गणपती आणि सत्यनारायण वर्गणीतून होतो, तर त्यांना ते चालेल का, हे विचारून घ्यावं. कोणाचा धर्म काढायचा नव्हता. सदरमध्ये आमचं अर्धं मित्रमंडळ होतं. मी हिस्लॉपचा विद्यार्थी आहे, १८८३ सालचं मिशनरी कॉलेज, तिथे मला कोणी कुलदैवत विचारलं नाही हे मीच सांगतो.

प्रेषक: धंतोली

तेच तर.

आणि खुलासा मागवलाच कुठे? ४७ दिवसांत त्यांना एक फोन नाही. विचारायचंच तर सगळ्यांना विचारा, सत्यनारायण चालतो का. तुमचे चिरंजीव आरतीला शेवटचे कधी दिसले?

प्रेषक: बजाजनगर

कायद्याचं बोलायचं तर संस्थेला अशी अट घालता येते. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तेच म्हटलं. संघटना करण्याचं स्वातंत्र्य, कलम १९(१)(ग). काका चुकीचे नाहीत.

प्रेषक: धंतोली

वकीलसाहेब, त्या सोसायटीच्या पोटनियमातच लिहिलं होतं की सदस्य पारशीच हवा. आपल्या पोटनियमात असं काही आहे? नाही. हिंदूंचंच मंडळ करायचं तर सभा बोलवा, ठराव आणा, हात वर करून मतं द्या आणि बोर्डावरचं 'मराठी' पुसा. लाल चांदणी लावून होत नाही ते. शिवाय मंडळ भारतात नाही, इकडे परदेशात नोंदलेलं आहे, इथला कायदा लागतो, तेव्हा १९(१)(ग) घरी ठेवा.

प्रेषक: इंदोरा

मी सहसा लिहीत नाही. २०११ पासून सदस्य आहे, तेव्हा हा रकाना नव्हता. नूतनीकरण याच फॉर्मवर करायचं असेल तर मी काय भरू? आमच्या घरी १४ ऑक्टोबर १९५६ पासून कुलदैवत नाही. आजोबा त्या दिवशी मैदानात होते, आजी पांढऱ्या लुगड्यात, कडेवर माझा बाप. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, पूजा न करण्याचं त्यात स्पष्ट लिहिलंय. तेरा वर्षं गणपतीची वर्गणी भरून राहिलो, कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. खुलासा मागवायचा तर माझाही मागवा.

माझी दोन ताटं धरा. एक सावजी, एक साधं.

प्रेषक: महालचे काका

अरे तू कुठे यात आलास. तुझं वेगळं आहे, तू आपला आहेस.

माझी आजी दर गुरुवारी ताजबागेत दर्ग्यावर जायची, वाटेत मोगऱ्याचा गजरा घेऊन. ताजुद्दीनबाबांना राजे रघुजीराव भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवलं होतं, हे महालात कोणालाही विचारा. तेव्हा नागपूरकराला हे शिकवू नका. पण या मंडळाचा पहिला गणपती माझ्या गॅरेजमध्ये बसला, १९८९ साली, बर्फ उपसून. त्याची काळजी मी नाही करायची तर कोणी करायची?

प्रेषक: बर्डी

काका, १९९०. ८९ साली तुमचं घरच नव्हतं, अपार्टमेंट होतं. आणि गणपतीत बर्फ? बर्फ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला होता, मीच उपसला, कंबर अजून दुखते.

प्रेषक: इंदोरा

काका, 'तू आपला' हे तुम्ही कशावरून ठरवलं तेवढंच सांगा. सदरवाल्यांनाही मग तेच लावा. ते तर तुमच्याच कॉलेजचे.

प्रेषक: फॉर्मवाला

रकानाच काढला. सुचवणी: त्या जागी 'नागपुरात कुठचे?' ठेवू?

प्रेषक: धंतोली

नको. ते विचारलं की बाकी सगळं कळतंच, इंदोरा म्हटलं की कळतं, सदर म्हटलं की कळतं. या मेलयादीवर आपण आपापल्या भागाच्या नावाने सह्या करतो त्याही आता जरा खटकून राहिल्या मला.

बालदिनाला आपली मुलं रेव्हरंड टिळकांची कविता म्हणतात. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते आज असते तर त्यांचा फॉर्मही ड्रॉवरमध्येच असता.

प्रेषक: बजाजनगर

कविता कोणती? मागच्या वेळी दुसरं कडवं चुकलं होतं, आधी नीट बसवून घ्या.

प्रेषक: खजिनदार

आकडा ११८: ११२, इंदोऱ्याची दोन, सदरची चार. चारही ६५० मध्ये धरली. मी परत गेल्यावर पहिल्या दिवशी चेक बँकेत टाकतो. घटनेप्रमाणे वर्गणी भरली की सदस्य, मंजुरीची अट मला कुठे सापडली नाही. ज्याची हरकत असेल त्याने बुधवार रात्रीपर्यंत याच यादीवर लिहावं, मला खाजगी फोन करू नये. आज तीन आले.

प्रेषक: महालचे काका

त्यातला एक माझा होता. हरकत नाही. चेक टाका.

पाटोडीची कढई सावजीपासून वेगळी ठेवायला सांगा मात्र. मागच्या वर्षी एकच पळी दोन्हींकडे फिरत होती.