भूत महालातलं अन् मराठी सदाशिव पेठेतलं?

रात्रपाळीवाली: परवा एका काकांनी इथं लिहिलं, "भुताच्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायांना जिवंत नवरा झेपत नाही, म्हणून मेलेला चालतो." उत्तर देणार नव्हती, पण डोक्यातून जाईचना. कथा तीच, भागाभागानं येणारी, आपल्या नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्याची. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी भाडेकरू पोरगी, अन् माळ्यावर 1952 ला मेलेला पोरगा, जो तिची गणितं तपासतो, चुकलं की दिवा मालवतो. मी दवाखान्यात रात्रपाळी करते. अडीचला वॉर्ड शांत झाला की एक चहा, एक भाग. भीतीसाठी नाही वाचत हो, मेलेली माणसं मला कामावरच दिसतात. हे भूत ऐकून घेतं. पोरगी बोलत असताना मधेच "त्यापेक्षा तू असं कर" म्हणत नाही. भिंतीतून येता येतं तरी दार वाजवून येतं. माझा नवरा जिवंत आहे, चांगलाही आहे, पण दार वाजवत नाही.

धरमपेठी काका: ताई, तुमचं नाव घेतलं होतं का मी? उगाच अंगावर ओढून घेता. भूत म्हटलं की भीती पाहिजे एवढंच म्हणणं. आजीनं मुंजा सांगितला की पिंपळाखालून सायकल काढताना पाय गार पडायचे. आता मुंजा गजरा आणतो! अन् मुंजा म्हणजे मुंज झालेलं लहान पोर, हा 26 वर्षांचा घोडा मुंजा कसा?

अंबाझरी७७: काका, सोडमुंज, म्हणजे मुंजीचं व्रत सोडवणं, लग्नाच्या वेळी होते. लग्नाआधी गेला तो मुंजा, मग 26 चा का असेना.

बर्डीवाला: मुंजा-बिंजा राहू द्या बे. भूत महालातलं, अन् बोलतं काय, तर "किती उशीर केलास गं, मी तुझीच वाट पाहत होतो." हे कुठलं पुण्याचं पार्सल? आपला पोरगा म्हणन, "कवाचा वाट पाहून राहिलो, काऊन उशीर झाला?" आपल्याकडचा माणूस कथेत आला की एकतर हसवायला नाहीतर मारामारीला, अन् हिरो झाला रे झाला की त्याची भाषा धुऊन इस्त्री करून देतात. मरून पण सुटका नाही!

अंबाझरी७७: भाऊ, 1952 ला नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, 1956 पर्यंत. आमचे आजोबा तेव्हा सरकारी कचेरीत कारकून, कामावर हिंदी-इंग्रजी अन् घरी एकदम शुद्ध मराठी. महालात सगळेच काही मले-तुले करत नव्हते.

बर्डीवाला: मी "मले" लिहिलं का कुठं? नीट वाच. मले-तुले वेगळं, "करून राहिलो" वेगळं, इतकं कळत नसन तर भाषेवर बोलू नये. अन् "शुद्ध" म्हणजे? आमचं काय नाल्याचं पाणी आहे? पोरीनं निबंधात "आई येऊन राहिली" लिहिलं तर मॅडमनं लाल रेघ मारली, पोरगी दोन दिवस घरात धड बोलली नाही. तुझे आजोबा ठेव तुझ्याजवळ.

अंबाझरी७७: बरं बाप्पा, "शुद्ध" मागे घेतो, "प्रमाण" वाच. आजोबांना मधे आणायचं काम नव्हतं पण.

बर्डीवाला: आणले कोणी?

रात्रपाळीवाली: मी काय लिहिलं अन् तुम्ही कुठं पोचले! काका, तुम्ही मारबतीचा भाग वाचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घालवायला पुतळ्याची मिरवणूक निघते ना, तो. काळी मारबत 1881 पासून निघते, म्हणजे हा पोरगा लहानपणापासून ती पाहत आलेला. आता मात्र गल्लीत "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" सुरू झालं की ट्रंकेत लपतो, कारण इडापिडेत आता आपणही मोजले जातो की काय हे त्याला कळत नाही. अन् पोरगी मिरवणूक जाईपर्यंत त्या ट्रंकेवर बसून राहते, मांडीवर गणिताची वही. वाचताना हसली पण अन् डोळ्यात पाणी पण, सिस्टर विचारते काय झालं. लेखिका इथलीच आहे, बाहेरच्याला ट्रंक सुचली नसती.

धरमपेठी काका: वाचला. ट्रंक जमली आहे. भीती मात्र शून्य, हे तुम्हीही मान्य करा. तुमचं दार वाजवण्याचं बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणे, "बरोबरच लिहिलं बाईनं, तुम्ही तरी कुठं वाजवता." तेव्हा ते नवऱ्याचं वाक्य मागे घेतो. गजरा मागे घेत नाही.

बर्डीवाला: लेखिका इथलीच आहे? मग तर अजूनच राग येऊन राहिला!